भट्टीतले हजार तास



या व्यासपीठावरून आजवर जी माणसे बोलून गेली, त्यांची नावे मी आत येताना वाचली, आणि संयोजकांची काही तरी गफलत झाली असावी असे मला वाटले. मी दहावीनंतर शाळेचे तोंड पाहिलेले नाही. वडील मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परत आले ते कायमचेच. घरात पैसा नव्हता, म्हणून मी विशीच्या आत औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकचे भाग काढणाऱ्या एका कारखान्यात यंत्रावर उभा राहिलो. पुढे कामगार संघटनेचे काम अंगावर आले आणि ते आजतागायत सुटलेले नाही.

संयोजकांनी विचारले, ‘कशावर बोलाल?’ मी म्हणालो, ‘नायलॉनवर. उष्णता सोसणारे नायलॉन कसे करतात आणि ते खरेच सोसते की नाही हे कसे तपासतात, यावर.’ त्यांचा चेहरा थोडा उतरला. त्यांना वाटले होते, मी संपावर बोलेन. पण संपावर बोलणारे पुष्कळ आहेत. शिवाय आज मला एक कबुली द्यायची आहे आणि ती या नायलॉनच्या गोष्टीतच गुंतलेली आहे. तेव्हा आधी नायलॉन, मग कबुली, असा क्रम ठेवतो.

मी शिकलो कसा, तेही सांगतो. यंत्रात जो दाणा ओतायचा, त्याच्या पोत्यावर अक्षरे असत : ‘पीए ६६’, ‘पीए ६टी/६६’, पुढे काचेचे प्रमाण. अर्थ कोणी सांगत नसे. साहेबाला विचारले तर म्हणे, ‘तू दाणा ओत.’ मग मी नगरवाचनालयात मराठी विश्वकोशाचे खंड उघडले. हा विश्वकोश आमच्या सातारा जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली सिद्ध होऊ लागला. त्यात मला ‘बहुवारिक’ आणि ‘सहबहुवारिक’ हे शब्द भेटले. योगायोग असा की, त्याच वाईच्या औद्योगिक वसाहतीत गरवारे यांच्या कारखान्यात मासेमारीची जाळी आणि दोर तयार होतात. म्हणजे वाईला धाग्यांची जाळीही होते आणि शब्दांचीही! मला दोन्हींचा उपयोग झाला.

आता बहुवारिक म्हणजे काय? एकसारख्या लहान लहान कड्या हजारोंनी एकमेकींत अडकवल्या की साखळी होते. रेणूंच्या अशा लांब साखळीचा पदार्थ म्हणजे बहुवारिक. नायलॉन ही अशीच साखळी. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्या प्रयोगशाळेत २८ फेब्रुवारी १९३५ रोजी पहिले नायलॉन ६६ तयार झाले. एका घटकात कार्बनचे ६ अणू आणि दुसऱ्यातही ६, म्हणून ६६. कॅरदर्सने १९३७ साली, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, स्वतःचे जीवन संपवले. पुढच्या वर्षी कंपनीने नायलॉन जाहीर केले, ते पाहायला तो उरला नव्हता. १९३८ सालीच जर्मनीत पाउल श्लाक याने दुसऱ्या वाटेने नायलॉन ६ केले. त्यात एकाच जातीची कडी असते, कार्बनचे ६ अणू असलेली.

आपल्या महाराष्ट्रातही हा धंदा रुजला. गोरेगावला निर्लॉन, पिंपरीला गरवारे नायलॉन्स, भोसरीला सेंचुरी एन्का, ही नावे कामगारवस्तीत एके काळी घरोघर माहीत असत. निर्लॉनच्या आवारात आज संगणकाच्या कंपन्यांची कार्यालये आहेत. भोसरीला मात्र टायरमध्ये घालायचे नायलॉनचे कापड अजून होते.

धाग्याचे नायलॉन सगळ्यांना ठाऊक आहे. पण आज मोटारीच्या इंजिनाजवळ जे काळे भाग दिसतात, म्हणजे रेडिएटरच्या दोन बाजूंच्या टाक्या, हवा आत घेणारी नळकांडी, गरम पाण्याचे वळण, त्यांतले पुष्कळसे नायलॉनचेच असतात. पूर्वी तेथे पितळ किंवा ॲल्युमिनियम असे. विजेच्या पेटीत, मोबाइलच्या आतल्या जोडांतही पुष्कळदा तेच असते. म्हणजे आपण सारे, ठाऊक नसताना, या पदार्थावर विसंबून आहोत.

येथे उष्णतेचा प्रश्न येतो. नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना वितळते, नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना. वितळण्याच्या बरेच आधी ते मऊ पडू लागते. मग अधिक उष्णता सोसणारे नायलॉन हवे असेल तर काय करावे? रसायनशास्त्रज्ञांनी कडीच बदलली. आपल्या टेरिलीनच्या शर्टात जे टेरेफ्थॅलिक आम्ल असते, त्यात बेंझिनचे ताठ कडे आहे. ते नायलॉनच्या साखळीत गुंफले की साखळी सहज वाकत नाही. या नायलॉनचे नाव ६टी. त्याचा वितळण्याचा अंक सुमारे ३७० अंश. आपण म्हणाल, वा! झाले काम.

झाले नाही. नायलॉनची साखळी ३५० अंशांच्या पुढे स्वतःच तुटू लागते. म्हणजे शुद्ध ६टी वितळायच्या आधीच नासते. त्याला साच्यात ओतताच येत नाही. जगातला सर्वांत कणखर गडी, पण कोणत्याही कामाला लावता न येणारा, अशी त्याची गत.

म्हणून सहबहुवारिक. एकाच साखळीत दोन जातींच्या कड्या मिसळायच्या. निम्म्याहून थोड्या अधिक ६टीच्या आणि बाकी ६६ च्या कड्या घेतल्या, तर वितळण्याचा अंक ३१० अंशांच्या आसपास येतो. ६६ पेक्षा ५० अंशांनी वर, आणि तरी साच्यात ओतता येईल असा.

पण कोणतेही मिश्रण असे साधत नाही, हे मला फार उशिरा कळले. नायलॉन ६ आणि नायलॉन ६६ ही सख्खी भावंडे. तरी त्यांच्या कड्या जवळजवळ सारख्या प्रमाणात एका साखळीत मिसळल्या, तर जो पदार्थ होतो तो दोघांच्याही खाली, २०० अंशांच्याही आत वितळतो. कारण साखळ्या एकमेकींशेजारी नीट ओळीने बसल्या तरच त्या घट्ट धरतात. कड्यांचा मेळ बसला नाही तर ओळ मोडते. उलट ६६ मधले ॲडिपिक आम्ल आणि ६टीमधले टेरेफ्थॅलिक आम्ल दिसायला परकी, पण लांबीने जवळजवळ सारखी. म्हणून एकाच्या जागी दुसरे बसले तरी ओळ मोडत नाही. इंग्लंडमधल्या एडगर आणि हिल यांनी १९५२ साली हे दाखवून दिले. भिंतीत एक वीट तांबडी आणि एक काळी असली तरी चालते, पण एक आखूड आणि एक लांब असली तर भिंत उभी राहत नाही, तसे हे आहे.

हे करतात कसे, तेही थोडक्यात सांगतो. एक घटक अल्कधर्मी, दुसरा आम्ल. दोन्ही पाण्यात एकत्र केले की त्यांचे क्षार होते. नायलॉनवाले त्याला मीठच म्हणतात. दोघांचे प्रमाण तंतोतंत असावे लागते. एक जरा जास्त झाला की साखळीच्या टोकांना त्याचीच गर्दी होते आणि साखळी वाढायची थांबते. हे द्रावण बंद पात्रात दाबाखाली तापवतात, वाफ बाहेर सोडत जातात. प्रत्येक जोड जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो; पाणी काढाल तेवढी साखळी वाढते. शेवटी लोळा दोऱ्यासारखा बाहेर ओढून, गार करून, त्याचे दाणे कापतात. ६टीचे मिश्रण फार उंच तापमानाला लवकर घट्ट होते, म्हणून साखळी आधी आखूड ठेवतात आणि मग स्क्रूच्या यंत्रातून किंवा घन दाण्यांवरच पुढची वाढ पुरी करतात. पुढे त्यात काचेचे बारीक तंतू मिसळतात, शंभरात तीस भागांच्या आसपास. काचेविना नायलॉन ६६ ची पट्टी भाराखाली ७०-७५ अंशांनाच वाकू लागते. तीस टक्के काच घातली की तीच पट्टी २५० अंशांपर्यंत ताठ राहते.

आणि एक चिमूट औषध! गरम नायलॉनवर हवेतला प्राणवायू हल्ला करतो, साखळी तोडतो. नायलॉन आधी पिवळे, मग तपकिरी, मग ठिसूळ होते. हे थोपवायला तांब्याचे आयोडाइड आणि त्याच्या जोडीला पोटॅशियमचे आयोडाइड घालतात. तांबे किती? लाखात दहा भागांच्या आसपास. शंभर किलो दाण्यात दहा ग्रॅम तांबे, आणि त्याच्यावर भागाचे सारे आयुष्य! वजनकाट्यावर उभ्या असलेल्या कामगाराचा हात किती मोलाचा, हे यावरून ध्यानात यावे.

आता तपासणी. आपल्याकडे कोल्हापूर-सांगली-कऱ्हाडच्या पट्ट्यात गुऱ्हाळ न पाहिलेला माणूस विरळा. रस आटत आला की गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी करून पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. जरा उशीर झाला तर गूळ काळवंडतो. आपल्या सांगलीच्या बाजारात हळदीचा व्यापारी कांडी मोडून तिचा आवाज ऐकतो. खणखणीत मोडली तर वाळलेली, नाहीतर ओली. या दोन्ही खऱ्या चाचण्या आहेत आणि नायलॉनच्या पुष्कळ चाचण्या याच जातीच्या आहेत.

दाणा ओला आहे की कोरडा, हे आधी पाहतात. नायलॉनला पाण्याची फार ओढ. पावसाळ्यात पोते उघडे राहिले तर दाणा हवेतले पाणी पितो. ओला दाणा तापवला की तेच पाणी साखळी तोडते, भागावर चांदीसारखे पट्टे उठतात. म्हणून शंभरात दोन दशांश भागांपेक्षा कमी पाणी असावे, उष्णतास्थिर जातींत त्याहूनही कमी. मग साखळीची लांबी. नायलॉन ६६ फॉर्मिक आम्लात, म्हणजे मुंगीच्या दंशातल्या आम्लात, विरघळवतात. ६टीवाल्या जातींना तीव्र गंधकाम्ल लागते. ते द्रावण काचेच्या बारीक नळीतून वाहायला किती सेकंद लागतात ते मोजतात. साखळ्या लांब असतील तर वेळ जास्त. त्यानंतर एक तुकडा भट्टीत जाळून राख तोलतात, म्हणजे काच किती ते कळते. मोहरीएवढा तुकडा एका यंत्रात हळूहळू तापवतात, तो कितव्या अंशाला वितळतो ते कागदावर उमटते. पट्ट्या ओढून तोडतात, लंबकाच्या घावाने मोडतात.

या सगळ्या चाचण्या एका दिवसात होतात. पण त्या एवढेच सांगतात की, माल आज कसा आहे. गिऱ्हाईक विचारते ते निराळेच : हा भाग इंजिनाजवळ पाच वर्षे राहिला तर त्या वेळी कसा असेल? गुळव्याला उद्याच्या गुळाची गोळी आज करून दाखवता येत नाही. येथे उद्याचीच तपासणी आज करायची असते.

तिचा मार्ग एकच, तो म्हणजे भट्टी. पट्ट्या टांगून ठराविक तापमानाला ठेवायच्या, मधून मधून पाच पाच काढून मोडायच्या आणि जोर किती उरला ते लिहायचे. जोर निम्म्यावर आला की आयुष्य संपले, असा संकेत आहे. तापमान वाढवले की झीज लवकर होते. ढोबळ हिशेबाने दर दहा अंशांना आयुष्य निम्मे होते. म्हणून चार-पाच निरनिराळ्या, चढत्या तापमानांना पट्ट्या ठेवतात, बिंदू कागदावर मांडतात, रेघ ओढतात आणि रेघेवरून ठरवतात की, कोणत्या अंशाला हा माल २०,००० तास टिकेल. २०,००० तास म्हणजे सव्वादोन वर्षांच्याही वर. रेघ फार लांब ओढू नये म्हणून सर्वांत खालच्या तापमानाची चाचणी निदान ५,००० तास चालावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ५,००० तास म्हणजे जवळजवळ सात महिने.

श्रोतेहो, कारखान्यात सगळे घाईने करता येते. यंत्राचा वेग वाढवता येतो, पाळ्या वाढवता येतात, माणसे वाढवता येतात. हजार तासांची भट्टी मात्र शंभर माणसे लावून दहा तासांत होत नाही. पगार दुप्पट दिला तरी एक्केचाळीस दिवस आणि सोळा तास लागायचे ते लागतातच. उरतो एकच मार्ग, तास कागदावर वाढवण्याचा. आणि येथे माझी कबुली सुरू होते.

२००७ सालची गोष्ट. एका कारखान्यात आमची संघटना होती. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण दोष एका कारखान्याचा नाही. आणि त्यातला एक वाटा माझा आहे. गरम पाण्याच्या एका वळणाचे काम नवे मिळत होते. माल ६टी आणि ६६ यांचे सहबहुवारिक, काच घातलेले. गिऱ्हाइकाची अट अशी : १५० अंशांना १,००० तास ठेवल्यावर निम्म्याहून अधिक जोर उरला पाहिजे.

त्या वर्षी भारनियमनाने सर्वांना जेरीस आणले होते, हे आपल्याला आठवत असेल. वीज गेली की यंत्रांसाठी जनित्र सुरू होई. तपासणीच्या खोलीतली भट्टी मात्र जनित्रावर जोडलेली नव्हती. डिझेल वाचवायचे होते. भट्टी गार होई, वीज आली की पुन्हा तापे. भिंतीवरचे घड्याळ तेवढे चालू राही.

तपासनीस पंचविशीतला मुलगा होता. तो रोज वहीत लिही : भट्टी किती वाजता बंद पडली, किती वाजता पुन्हा १५० अंशांवर आली. घड्याळाचे १,००० तास भरले त्या दिवशी त्याच्या वहीत उष्णतेचे तास होते ७३८. पट्ट्या मोडल्या तेव्हा जोर उरला होता शंभरातला ६१. अट ५० ची. वरवर पाहता माल पास. पण ७३८ तासांत ३९ गेले, तर १,००० तासांत किती जातील, हे त्रैराशिक चौथीच्या मुलालाही येईल. सरळ रेघ धरली तरी ४७ उरतात, आणि झीज शेवटी शेवटी वाढते. माल नापास होता. का, याचाही अंदाज त्याला होता. साच्यातली उरलेली कांडी दळून पुन्हा नव्या दाण्यात मिसळत आणि तिचे प्रमाण हळूहळू वाढले होते. एकदा वितळून निघालेल्या दाण्याची साखळी तुटलेली असते आणि त्यातले औषधही खर्ची पडलेले असते.

त्याला सांगण्यात आले, ‘१,००० तास लिही आणि सही कर.’ तो संध्याकाळी माझ्याकडे आला. चहा घेतला नाही. म्हणाला, ‘अण्णा, भट्टी बंद होती ते तास मी कसे मोजू?’

मी काय म्हणालो? मी त्याला आकडे विचारले नाहीत, वही पाहिली नाही. मला तर त्रैराशिक येत होते, विश्वकोश वाचलेला होता! माझ्या डोळ्यांपुढे होती साठ माणसे, जी या कामावर कायम व्हायची होती. दिवाळी तोंडावर आली होती. मी म्हणालो, ‘बाबा रे, तपासणी हा मालकाचा प्रश्न आहे. आपला प्रश्न माणसांचा. सही करून टाक.’ तो थोडा वेळ बसला, ‘बरं, अण्णा’ म्हणाला आणि गेला. त्याने सही केली.

आठ महिन्यांनी वळणे परत येऊ लागली. जोडाच्या कडेला चिरा. गिऱ्हाइकाच्या पत्रात असेही होते की, एका गॅरेजमध्ये वळण फुटून उकळते पाणी मेकॅनिकच्या हातावर उडाले. पुढे कळले ते असे की, कोरड्या भट्टीत टिकलेला माल उकळत्या पाण्यात आणि त्यात घालतात त्या ग्लायकॉलमध्ये टिकेलच असे नसते. तेथे शत्रू निराळा. प्राणवायूवर चालणारे तांब्याचे औषध पाण्यापुढे लंगडे. म्हणजे खरे तर दोन चाचण्या हव्या होत्या. झाली एक, तीही अपुरी.

चौकशी झाली. कागदावर सही कोणाची? तपासनिसाची. त्याला निलंबित केले. खात्यांतर्गत चौकशीत त्याच्या बाजूने उभा राहिलो मी, ज्याने त्याला सही करायला सांगितले तो. त्याने ती कच्ची वही जपून ठेवली होती. ती मी टेबलावर ठेवली तेव्हा चौकशी अधिकारी बराच वेळ काही बोलले नाहीत. वहीमुळे बडतर्फी टळली. पण त्याला कामावर घेतले नाही, काही पैसे देऊन राजीनामा घेतला. आणि ते काम गेले ते गेलेच. ज्या साठ माणसांसाठी मी खोट्याला हात लावला, त्यांपैकी एकही त्या कामावर कायम झाला नाही.

एका गोष्टीचा मला आजही सल आहे. त्या संपूर्ण चौकशीत त्याने एकदाही सांगितले नाही की, ‘अण्णांनी सांगितले म्हणून मी सही केली.’ मी वाट पाहत होतो. शेवटी ते मीच सांगायला हवे होते. मीही सांगितले नाही. आज, इतक्या वर्षांनी, आपल्यासारख्या सुजाण श्रोत्यांसमोर सांगतो आहे.

या प्रसंगातून मी शिकलो ते असे. ‘तपासणी हा मालकाचा प्रश्न’ हे वाक्यच चुकीचे होते. तपासणी हाही कामगाराच्या श्रमाचाच भाग आहे. किंबहुना कामगार आणि समाज यांच्यामधला तो सर्वांत थेट दुवा आहे. ज्या मेकॅनिकचा हात भाजला, तोही कामगारच होता. तो आमच्या संघटनेचा सभासद नव्हता, म्हणून मी त्याला हिशेबात धरला नव्हता, इतकेच.

पुढच्या करारात आमच्या मागणीपत्रकात पगारवाढ, बोनस यांच्या खाली तीन साध्या ओळी आम्ही घातल्या. तपासणीची वही पाने क्रमांक घातलेली असावी आणि शाईने लिहावी. भट्टी बंद पडलेले तास वजा करावेत आणि भट्टीला जनित्राची जोड द्यावी. आणि चाचणी पुरी झाली नसेल तर ‘अपूर्ण’ असा शेरा लिहिण्याचा तपासनिसाला हक्क असावा. त्याबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ नये. आमचेच काही सभासद हसले. म्हणाले, ‘अण्णा, वहीच्या पानांवर कोणी भांडते का?’ व्यवस्थापनाने पहिल्या दोन ओळी लगेच मान्य केल्या. तिसरीला दीड वर्ष लागले. दीड वर्ष का लागले, हे आपण ओळखालच. ‘अपूर्ण’ हा शब्द फार महाग पडतो.

मला विचारतात की, आता तर भट्टीचे तास यंत्रच टिपते, संगणकात नोंद होते, मग माणसाच्या सचोटीची गरज काय? गरज आहे. यंत्र तापमान टिपते. पट्टी कोणत्या पोत्यातली, त्यात दळलेला माल किती, कोरड्या भट्टीत ठेवायची की उकळत्या पाण्यात, हे यंत्राला कोणी तरी सांगावे लागते. ते सांगणारा माणूस घाबरलेला असेल, तर यंत्रही त्याच्याबरोबर खोटे बोलते.

‘उष्णतास्थिर’ हा शब्द पोत्यावर छापलेला असतो, तेव्हा मनाला मोठा धीर येतो. पण पदार्थ नुसता स्थिर नसतो. तो अमुक अंशाला, अमुक तासांपर्यंत, अमुक हवेत किंवा पाण्यात स्थिर असतो. तो अंश, ते तास आणि ती परिस्थिती ज्याने प्रामाणिकपणे लिहिली, त्याच्यामुळे त्या शब्दाला अर्थ येतो. माणसांचेही फारसे निराळे नाही. मी स्वतःला कणखर समजत होतो. कोणत्या अंशाला वितळतो ते २००७ साली कळले.

येथे सभागृहात वालचंद महाविद्यालयाची, तंत्रनिकेतनाची मुले-मुली दिसतात. तुमच्यापैकी काही जण उद्या मिरज-कुपवाडच्या, किर्लोस्करवाडी-पलूसच्या, साताऱ्याच्या कारखान्यांत तपासणीच्या खोलीत बसतील. तुमच्यापुढेही एखादी वही येईल, आणि भट्टी बंद असलेले तास मोजायला कोणी तरी सांगेल. तेव्हा घड्याळाचे तास लिहू नका, उष्णतेचे लिहा. आणि येथे जी वडीलधारी मंडळी बसली आहेत, त्यांना माझी विनंती आहे : तुमचा मुलगा, तुमची लेक संध्याकाळी घरी येऊन असा प्रश्न विचारील, तेव्हा मी दिले ते उत्तर देऊ नका. आधी वही मागा आणि ती वाचा.

तो मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे. कऱ्हाडजवळ त्याचे पंपदुरुस्तीचे दुकान आहे. मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो आणि आज येथे काय सांगणार आहे ते त्याला सांगितले. त्याची परवानगी घेतली. तो म्हणाला, ‘सांगा की, अण्णा. पण आकडे बरोबर सांगा.’ ते मी सांगितले आहेत : घड्याळाचे १,०००, उष्णतेचे ७३८.